काम सोडावेसे का वाटते? दौंड-शिरूरच्या इतिहासातील एक धडा

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक तरुण आमच्या दाराशी घुटमळत उभा राहिला. शिरूर तालुक्यातील एका कारखान्यात तो कंत्राटी कामगार आहे. रात्रपाळी करून तो थेट मिस्साला आला होता. अंगावर कंपनीचा गणवेश तसाच होता आणि प्रवचन चालू असताना त्याची मान दोनदा छातीवर टेकलेली आम्ही वेदीवरून पाहिली होती.

"फादर, नोकरी सोडावी म्हणतो," तो म्हणाला. "बारा-बारा तास उभं राहावं लागतं. सुटीच्या दिवशीही बोलावतात. नाही म्हटलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतात. पण आई ऐकत नाही. म्हणते, माझ्या वडलांनी पस्तीस वर्षं रेल्वेत काढली, कधी कुरकुर केली नाही. फादर, माझ्यातच काही कमी आहे का?"

त्याचे आजोबा दौंडच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना आम्ही अडखळलो. हा प्रश्न त्या एकट्याचा नव्हे. रांजणगाव, कारेगाव, सणसवाडी, शिक्रापूर आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ या औद्योगिक पट्ट्यात आपल्या अनेक कुटुंबांची मुलेमुली राबतात. कोणी सहा महिन्यांत नोकरी बदलतो, कोणी वर्षभरात घरी परततो. वडीलधारी मंडळी याला धरसोड म्हणतात. आजच्या पिढीला कष्ट नकोत, असा निष्कर्षही काढून मोकळी होतात. आम्ही स्वतः एकदा प्रवचनात असेच काहीसे बोलून गेलो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या तरुणाने आम्हांस पुन्हा विचार करावयास लावले. त्याच्या आजोबांच्या पिढीने खरोखरच कुरकुर केली नव्हती काय? याचा शोध घेण्यासाठी आम्ही इतिहासाची पाने उलटली. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घाटातील मजूर

दौंड हे गाव रेल्वेने घडविले. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव 'धोंड' असे आढळते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५८ साली पुण्यास आली आणि १८६० साली सोलापूरला पोचली. भीमेकाठचे दौंड या वाटेवर होते. १८७८ साली मनमाडकडे जाणारा मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. १९१४ साली बारामतीची छोटी गाडीही येथून धावू लागली. गावात लोको शेड आली, क्वार्टर्स उभ्या राहिल्या, ठिकठिकाणची माणसे येऊन वसली. त्यांत आपली ख्रिस्ती कुटुंबेही होती.

परंतु मुंबईहून पुण्याकडे येणारी अखंड वाट १८६३ सालापर्यंत तयार नव्हती. मध्ये बोरघाट उभा होता. १८५६ साली घाटाचे काम सुरू झाले. ते फेविएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे होते. कातळ फोडणे, सुरुंग लावणे, बोगदे खोदणे हे सारे मनुष्यबळावर चाले. पटकीची साथ आली की मजूर मोठ्या संख्येने काम टाकून जात. पेरणीच्या दिवसांत अनेकांना गावची ओढ लागे. १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा मोठा उद्रेक झाला. त्याच वर्षी फेविएल यांनी कंत्राट सोडले. पुढे सॉलोमन ट्रेडवेल यांनी काम घेतले, पण भारतात येऊन काही दिवसांतच ते निधन पावले. मग त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी अनुभवी अभियंते नेमून हे काम तडीस नेले. १८६१ च्या सुमारास त्या घाटात एका वेळी ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कंत्राटदाराला काम परवडेना तेव्हा त्याने ते सोडले. त्याला कोणी आळशी म्हटले नाही. मजुराने काम सोडले की मात्र तो गुन्हेगार ठरे. हे आम्ही अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. १८५९ सालच्या तेराव्या कायद्यान्वये आगाऊ रक्कम घेऊन काम टाकणाऱ्या मजुरास मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून तुरुंगात धाडता येत असे. पाठोपाठ १८६० साली रेल्वे, कालवे अशा बांधकामांवरील मजुरीचे तंटे झटपट निकालात काढण्यासाठी आणखी एक कायदा झाला. त्यातही काम अर्धवट टाकणाऱ्या मजुरासाठी शिक्षा होती. १८५९ चा कायदा रद्द व्हावयास १९२५ साल उजाडावे लागले. काम सोडावेसे वाटणे हा आज स्वभावदोष समजला जातो. एके काळी काम सोडणे हा दंडनीय अपराध होता. 'मी उद्यापासून येणार नाही' असे निर्भयपणे म्हणता येणे हा गरीब माणसाने उशिरा मिळविलेला हक्क आहे.

रविवार कोठून आला?

विश्रांतीचीही तीच कथा. रविवारची सुटी आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती कोणी मागून घेतली असेल हे मनातही येत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत एकोणिसाव्या शतकात पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम चाले आणि हक्काची साप्ताहिक सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे या महात्मा फुल्यांच्या सहकाऱ्याने १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, ठरलेल्या तारखेला पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई अशा त्यांच्या मागण्या होत्या. ५,५०० कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. रविवारच का, याचे लोखंडे यांनी दिलेले एक कारण असे की रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरी आमच्या दौंडपासून फार दूर नाही. आपला प्रभुवार आणि आपल्या शेजाऱ्यांचा खंडोबाचा वार एकाच सुटीत सामावले, ही आम्हांस मोठी हृद्य गोष्ट वाटते.

त्यानंतर वर्ष लोटण्यापूर्वीच, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. काम माणसाच्या शक्तीबाहेरचे असू नये आणि विश्रांती श्रमाच्या प्रमाणात मिळावी, असे त्यात त्यांनी बजावले. गरजेपोटी वा अधिक वाईट घडेल या भीतीने कामगाराने जाचक अटी पत्करल्या, तर ती त्याची संमती नसून त्याच्यावर झालेली बळजबरी आहे, हा विचारही त्यांनी मांडला. 'त्याने स्वतःच सही केली ना?' असे ज्यांना वाटते त्यांनी या विचारावर थोडे थांबावे.

रेल्वेवरही असंतोष होताच. मे १८९९ मध्ये याच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भारतीय सिग्नलरांनी पगार, कामाचे तास आणि नोकरीच्या शर्ती यांसाठी संप केला. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी त्यांची बाजू लावून धरली. फिरोजशहा मेहता, दिनशा वाच्छा यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी त्यांच्यासाठी सभा आणि वर्गणी यांना हातभार लावला. काम टाकून निघून जाण्यापेक्षा हा मार्ग निराळा होता. काम सोडावयाचे नाही, पण ते जसे आहे तसे चालूही द्यावयाचे नाही, असा तो निर्धार होता.

दौंडचे इंजिन आणि दहा तास

आता त्या तरुणाच्या आजोबांकडे वळू. वाफेच्या इंजिनावरील फायरमनचे काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना वर्णनाची गरज नाही. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अशी कल्पना करावी: समोर भट्टीची धग, पाठीशी वारा आणि पाऊस, पायाखाली हिंदकळणारे पत्रे आणि हातात कोळशाचे फावडे. चढ आला की फावड्याला विसावा नाही. मध्यरात्री कॉलबॉय क्वार्टरचे दार ठोठावी आणि वहीवर सही घेई. सणवार असो वा घरात आजारपण, निघावे लागे. मालगाडी असेल तर ती एखाद्या लहान स्थानकात बाजूच्या रुळावर तासन्तास उभी राही. काम सुरू केव्हा झाले ते ठाऊक असे, संपेल केव्हा हे मात्र चालकाला ना फायरमनला ठाऊक असे. चौदा-सोळा तासांची ड्युटी होत असे.

कायद्याने ही स्थिती फार सावकाश बदलली. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने आठ तासांच्या दिवसाचा ठराव केला, पण भारतासाठी त्यात आठवड्याला साठ तासांची वेगळी सवलत ठेवली. १९३० साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती होऊन सलग स्वरूपाच्या कामासाठी साठ तासांची मर्यादा आली. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या १९४७ सालच्या निवाड्याने ती ५४ वर आणली. तरीही इंजिनावरील माणसांची दीर्घ ड्युटी सरली नाही. अखेर १९७३ साली देशभरच्या लोको रनिंग कर्मचाऱ्यांनी काम थांबविले आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने ड्युटीवर हजर झाल्यापासून सुटेपर्यंत दहा तास हे तत्त्व मान्य केले.

पुढच्याच वर्षी, ८ मे १९७४ पासून, देशव्यापी रेल्वे संप झाला. सुमारे १७ लाख कर्मचाऱ्यांचा हा लढा वीस दिवस चालला. बोनस, महागाई भत्ता यांच्या जोडीने आठ तासांचा दिवस ही त्यातील एक मागणी होती. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस हे मंगळूरच्या कॅथलिक घरातले. सोळाव्या वर्षी धर्मगुरू होण्यासाठी ते बंगळूरच्या सेमिनरीत दाखल झाले होते आणि तेथील वास्तवाने निराश होऊन काही वर्षांत बाहेर पडले. म्हणजे काम सोडण्याचा अनुभव त्यांनाही होता! सरकारने संप कठोरपणे मोडला. हजारोंना अटक झाली, अनेकांना बडतर्फ केले गेले, देशभरच्या रेल्वे वसाहतींत कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढण्याचे प्रकार घडले. २७ मे रोजी संप मागे घेण्यात आला. बडतर्फ झालेल्यांना १९७७ नंतर, मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, पुन्हा कामावर घेतले गेले. बोनसची मागणी १९७९ साली मान्य झाली.

तेव्हा 'वडलांनी कधी कुरकुर केली नाही' हे त्या माउलीचे म्हणणे इतिहासाला धरून नाही. त्या पिढीने कुरकुर केली, आणि ती सर्वांनी मिळून, उघड्यावर केली. म्हणूनच कदाचित ती घरात ऐकू आली नसावी.

बोलणे की निघून जाणे

मग आजोबा पस्तीस वर्षे टिकले कसे? आम्हांस दोन कारणे दिसतात. एक, त्या नोकरीत जाच होता तसा आधारही होता: राहावयास क्वार्टर, प्रवासाला पास, आजारपणात रेल्वेचा दवाखाना, म्हातारपणी निवृत्तिवेतन. दुसरे, तेथे बोलावयास जागा होती. युनियनचे कार्यालय होते, शेजारी तेच दुःख भोगणारा माणूस होता आणि उद्याही तो शेजारीच असणार होता.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या विषयावर एक छोटे पण विख्यात पुस्तक लिहिले. त्याच्या विचाराची सुरुवातही रेल्वेपासूनच झाली, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. नायजेरियातील रेल्वे इतकी ढिसाळ का, असा त्याला प्रश्न पडला होता. त्याला दिसले ते असे: मालट्रकची सोय झाल्यावर नाराज ग्राहक तक्रार करीत बसले नाहीत, ते मुकाट्याने निघून गेले. तक्रार करणारेच उरले नाहीत, म्हणून रेल्वे सुधारली नाही. संस्था बिघडू लागली की माणसापुढे निघून जाणे किंवा आवाज उठविणे असे दोन मार्ग असतात. निघून जाणे सोपे आणि बोलणे अवघड झाले, तर बिघाड तसाच राहतो.

शिरूरच्या औद्योगिक पट्ट्यात आज हेच घडताना आम्ही पाहतो. गेल्या तीन दशकांत रांजणगावच्या माळावर देशी-विदेशी कंपन्यांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. हजारो घरांत चूल पेटली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण कामगारांचा मोठा भाग कंत्राटी. ठेकेदार वेगळा, कंपनी वेगळी. गाऱ्हाणे सांगावे तर नेमके कोणाला? भाड्याच्या खोलीत चौघे राहतात, चौघांच्या पाळ्या निराळ्या. एक झोपतो तेव्हा दुसरा निघतो. अशा स्थितीत शेजारधर्म रुजावा कसा? मग एके दिवशी मुलगा पिशवी भरून गावी जातो. त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा उभा राहतो. टार्गेट तेच राहते, सुपरवायझर तोच राहतो, आणि पहिला का गेला हे कोणी विचारीत नाही.

केवळ काम जड असल्याने माणूस खचतो असेही नाही. रॉबर्ट कारासेक या समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली स्वीडन आणि अमेरिकेतील कामगारांच्या माहितीवरून दाखविले की कामाची मागणी फार आणि ते कसे करावे हे ठरविण्याची मुभा मात्र नाही, अशा ठिकाणी मनावरचा ताण सर्वांत अधिक असतो. सुगीच्या दिवसांत शेतकरीही सोळा तास राबतो. पण बैल केव्हा सोडावेत हे तो ठरवितो. बाजूच्या रुळावर अडकलेल्या फायरमनला आणि यंत्राच्या साखळीपुढे उभ्या असलेल्या मुलाला ते ठरविता येत नाही. शरीरही याचा हिशेब ठेवते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. अशा दीर्घ कामाशी निगडित पक्षाघात आणि हृदयविकार यांमुळे एका २०१६ सालात जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे.

आणि ज्यांना निघून जाण्याचीही मुभा नाही त्यांचे काय? आपल्या शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात दर हंगामात बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, असे राज्य सरकारने नेमलेल्या समितीने २०१९ साली नमूद केले. पाळीमुळे खाडा नको, दुखणे अंगावर काढणे नको, या विवंचनेचाही त्यात वाटा होता. १८५९ चा कायदा गेला, १९७६ साली वेठबिगारीही कायद्याने बंद झाली. उचलीची गाठ मात्र सुटली नाही. जेथे माणसाला काम सोडता येत नाही तेथे त्याला देहाचा एक भाग सोडावा लागतो, याहून दारुण साक्ष ती कोणती?

घरचे उत्तर

कामाच्या तासांचा हा वाद संपलेला नाही. दहा तासांच्या वचनाला पन्नास वर्षे उलटल्यावर, जून २०२४ मध्ये, दक्षिण रेल्वेच्या लोको पायलटांना दहा तासांची मर्यादा आणि पुरेशी साप्ताहिक विश्रांती यांसाठी पुन्हा आंदोलन करावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. ज्याला 'नाही' म्हटल्यावर उद्याची भाकरी उरत नाही त्याच्या संमतीची किंमत काय, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालीच विचारून ठेवले आहे.

मग त्या तरुणाला आम्ही काय सांगितले? नोकरी सोड, असे आम्ही म्हटले नाही. त्याच्या घरचे हप्ते आम्ही भरणार नव्हतो. सोडू नकोस, असेही म्हटले नाही. एवढेच म्हणालो की तुझ्यात काही कमी नाही. तुला काम सोडावेसे वाटते यावरून तुझी परीक्षा करण्याआधी त्या कामाची परीक्षा झाली पाहिजे. आणि सोडावयाचे ठरविलेस तरी मुकाट्याने सोडू नकोस. का सोडतोस ते बरोबरच्यांना सांग, ठेकेदाराला सांग, जमल्यास लिहून दे. आमच्याकडून त्याला एक आश्वासनही दिले. पाळीवरून येणाऱ्या मुलांना महिन्यातून एकदा एकत्र बसून बोलता यावे म्हणून चर्चच्या आवारातील खोली आम्ही मोकळी ठेवली आहे. कामगार कायदा जाणणारे एक वकील तेथे येतात. पहिल्या दिवशी तिघे आले, गेल्या महिन्यात अकरा होते. बहुतेक वेळ ते झोपेविषयीच बोलतात.

काही दिवसांनी आम्ही त्याच्या आईला भेटावयास दौंडला गेलो. बोलता बोलता १९७४ च्या संपाचा विषय काढला. त्या वेळी ती सहा-सात वर्षांची होती. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "आई रोज रडायची एवढं आठवतं, फादर. डब्यात पीठ नसायचं. पण आम्हा पोरांना ते दिवस सणासारखे वाटले. वडील रोज संध्याकाळी घरी असायचे ना."

एवढे बोलून ती उठली आणि मुलाला फोन लावावयास आत गेली.